पोरांना घातलेलं गाऱ्हाणं

पमे, काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि सगळ्यांनी मिळून तुला मनमिळाऊ ठरवून टाकलं.

सुरुवात केंद्रप्रमुखांनी केली. “कैलासवासी प्रमिलाबाई शांत, सोज्वळ आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.” पुढे बोलणाऱ्यांनी तेच शब्द मागेपुढे करून वापरले. मी खुर्चीवर बसून तुझ्या फोटोकडे बघत होते. ओळखपत्रासाठी काढलेला तो फोटो, त्यातसुद्धा तू फोटोवाल्यावर चिडलेली दिसतेस. शांत म्हणे! तू पाढे घ्यायला लागलीस की भिंतीपलीकडे माझ्या वर्गातली पोरं हातातला धडा सोडून तेच पाढे म्हणायची. मनमिळाऊ म्हणे! मालवणच्या मासळीबाजारात तुला लांबून येताना बघितलं की बायका चांगली सुरमई फडक्याखाली सारायच्या. कोण कुरकुर ऐकून घेणार सकाळी सकाळी!

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगितलं, “पमा भांडखोर होती. ह्या शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका, त्यामुळे ती जास्त करून माझ्याशीच भांडायची. पण ती जगाशी भांडली म्हणून ह्या वाडीतली काही पोरं आज शाळेत बसतात.” एवढं झालं आणि केंद्रप्रमुखांनी “धन्यवाद बाई” म्हणत माईक माझ्या हातातून काढून घेतला. मग त्यांच्या मनातलं खरं बाहेर आलं. झालेली घटना दुर्दैवी आहे. शिक्षिका वर्गात कोसळल्या आणि मुलांनी भलतंच काही केलं. यापुढे या शाळेत ते गाऱ्हाण्याचे प्रकार बंद. आणि आजारी, अपंग मुलांची सोय ‘योग्य त्या ठिकाणी’ करण्यात येईल.

योग्य ते ठिकाण म्हणजे घर. घरातही मागची पडवी. हे तुला आणि मला कुणी समजावून सांगायला नको.

मला पुढचं बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता तुलाच सांगते. ऐकून घे. नाहीतरी मधेच तोंड घालायची तुझी सोय आता उरलेली नाही.

तुला आठवतंय, शेवंता तिच्या हेमांगीला पहिलीत घालायला आली तो दिवस? शेवंता धक्क्यावरून मासळी घेऊन कट्टा गावच्या बाजाराला बसणारी, नवरा होडीवर. पोरीचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि टोपली उचलून चालती झाली. दुसरं काही बोलली नाही. महिनाही झाला नसेल, पोर बसल्या जागी आडवी झाली आणि हातपाय ताठ करून झटके देऊ लागली. “फीट इली! फीट इली!” म्हणून एकच गलका. खिचडी शिजवणारी पार्वतीकाकी कांदा फोडून धावली. रस्त्याने जाणारा कुणी बाप्या आत घुसला आणि पायातली चप्पल काढून पोरीच्या नाकाला लावू लागला. दुसरा कुणी तिच्या दातांत चमचा सारत होता. मी दारात नुसती उभी.

तू ती चप्पल हिसकावलीस आणि खिडकीतून बाहेर भिरकावलीस. ती थेट विहिरीत गेली. बाप्या एका पायात चप्पल घालून घरी गेला आणि अजून तुझ्या नावाने बोटं मोडतो. चमचेवाल्याला तू खांद्याला धरून बाहेर काढलंस, पोरीला कुशीवर वळवलंस, आणि सगळ्यांकडे पाठ करून तिच्याजवळ बसून राहिलीस. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तुझा एक धाकटा भाऊ असाच होता. त्याला तुझ्या घरच्यांनी कधी शाळेत पाठवलं नाही, पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवत. तो तिथेच वाढला आणि तिथेच गेला. तू हे सांगताना तुझा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त तू माझ्याकडे बघत नव्हतीस.

संध्याकाळी शेवंता रिकामी टोपली घेऊन आली ती पोरीचं नाव काढून न्यायलाच.

“बाई, तिचा नाव काढून टाका. आता सगळ्यांनी बघल्यानी. उद्या गावभर होतला. हिचा लगीन कोण करतलो?”

“सा वर्सांचा चेडू ता,” तू म्हणालीस. “लगीन खंयचा काढलंस आताच?”

“तुमका काय जाता बोलाक! घरात पडली तर चार माणसा बघतत. हंय अख्खी शाळा बघता.”

“मगे अख्ख्या शाळेक शिकवतंय मी. कसा बघूचा ता.”

शेवंताने टोपली उचलली. तिला ते पटलं नव्हतं, पण तुझ्याशी वाद घालून जिंकता येत नाही हे तिला समजलं असावं. दुसऱ्या दिवशी तिने पोरीला पाठवलं. त्याच आठवड्यात तू तिला घेऊन मालवणला डॉक्टरांकडे गेलीस आणि हेमांगीची रोजची गोळी सुरू झाली.

आणि पुढच्या सोमवारी तू ते केलंस. प्रार्थना झाली, पोरं बसायला लागली, तेवढ्यात तू पदर खोचून पुढे आलीस. जत्रेच्या आधी देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवासमोर उभा राहून एकेक मागणं मोठ्याने म्हणतो आणि जमलेला गाव त्याला साथ देतो, अगदी त्या चालीवर तू आवाज लावलास:

“बा पोरांनो, म्हाराजांनो!”

पोरं आधी हसली. पण देवळात ऐकून ऐकून ते त्यांच्या अंगात मुरलेलं, उत्तर आपोआपच आलं, “व्हय म्हाराजा!”

“आमच्या ह्या हेमांगीक फीट येता. ता भूत न्हय, करणी न्हय, ताप येता तसो एक आजार आसा.”

“व्हय म्हाराजा!”

“ती पडली तर तिका कोणी धरून ठेवूक नये, तोंडात काय घालूक नये, कांदो-चप्पल कोणी हाडूक नये.”

“व्हय म्हाराजा!”

“आजूबाजूचा सामान बाजूक करूचा, तिका कुशीर वळवूचा, आणि घड्याळाकडे बघीत बसूचा. पाच मिनटांच्या फुडे गेला, तर रिक्षा हाडूची.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि उठल्यार तिका कोण हसलो, तर त्येचा काय करूचा ता मी बघतंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” इतक्या जोरात झालं की पार्वतीकाकी पळी हातात घेऊन बाहेर आली.

मग ते दर सोमवारचंच झालं. बाबलोला उजव्या कानाने ऐकू येत नाही, तर त्याच्या डाव्या बाजूला बसून बोलायचं. दिनूचं रक्त एकदा आलं की थांबत नाही, तर खेळताना त्याला कुणी ढकलायचं नाही, आणि खरचटलं तर फडकं दाबून धरून लगेच बाईंना हाक मारायची. सगळ्या शाळेला तोंडपाठ. घरी जाऊन धाकट्या भावंडांना म्हणून दाखवायची पोरं.

हे देवळापर्यंत जायचंच होतं. मानकरी तात्या धोतर सावरत शाळेत आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“बाई, गाऱ्हाणा घालूचो मान आमचो. पिढ्यान् पिढ्या आमचो. तुमी शाळेत देवाची थट्टा मांडलास?”

“तात्यानु, देवाक गाऱ्हाणा घालूचो मान तुमचोच,” तू हात जोडून म्हणालीस. मी चकित, कारण तुला हात जोडताना मी फार क्वचित बघितलं होतं. “मी देवाक खंय घालतंय? देव काय हंय येवन हेमांगीक कुशीर वळवतलो नाय. मी पोरांक घालतंय गाऱ्हाणा. वळवतली ती पोरा.”

तात्या दारापर्यंत गेले, परत वळले. “तरीपण बाईन घालूचा नसता,” असं म्हणून गेले. पुढच्या जत्रेला तुझ्या हातात प्रसाद देताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं, आणि तू “तात्यानु, आणखी एक द्या, नलूक,” म्हणून माझ्या नावाने मागत मुद्दाम थांबली होतीस.

केंद्रप्रमुखांची गोष्ट तर मी काल सभेत सांगणारच होते. तपासणीला आले तेव्हा त्यांनी हेमांगीकडे बोट दाखवून विचारलं होतं, “उद्या ह्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची?” तू म्हणालीस, “माझी.” ते म्हणाले, “असं तोंडी नको, लिहून द्या.” तू खडू उचललास आणि फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलंस: हेमांगीची जबाबदारी माझी. फळ्यावर काही लिहिलं की एका सुरात वाचायची सवय पोरांना. सगळा वर्ग ओरडला, “हेमांगीची जबाबदारी माझी!” केंद्रप्रमुख चहा न घेताच निघून गेले. तो चहा आपण दोघी प्यायलो.

आता आपल्या भांडणाकडे येते. एस. टी.ची वाट बघत थांब्यावर आपण किती वेळा भांडलो त्याची गणती नाही. गाऱ्हाणं वाईट असं मी कधीच म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की तू पहिल्यांदा हेमांगीचं नाव घेतलंस तेव्हा तिने फ्रॉकचं टोक तोंडात घातलं होतं आणि मान वर केली नव्हती.

“तिका इचारलंस तू आधी?” मी म्हटलं होतं.

“सा वर्सांच्या चेडवाक काय इचारूचा?”

“आजार तिचो आसा. सांगूचा की नाय ता तिका इचार. तुझो न्हय तो.”

“नलू, लपवलेला दुखणा कोणाच्या उपयोगाक येणा नाय. माझ्या भावाचा सगळ्यांनी लपवल्यानी. काय झाला मगे?”

भावाचं नाव काढलंस की माझं तोंड बंद व्हायचं, आणि तुला ते ठाऊक होतं. पण मला पटलं कधीच नाही. आपल्या अंगात काय चाललंय ते कुणाला सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. त्यामागे माझी कारणं होती. ती मी तुला सांगितली नाहीत, तू विचारली नाहीस, आणि एस. टी. आली की भांडण उद्यावर जायचं.

तरी कबूल करते, की तुझं ते गाऱ्हाणं चालायचं. दुसरीत असताना हेमांगीला वर्गात फीट आली तेव्हा कुणी ओरडलं नाही. दोघांनी दप्तरं सरकवली, एकीने कुशीवर वळवलं, बाकीचे बसून राहिले. पोर शुद्धीवर आली, थोडा वेळ भिंतीला टेकून बसली, आणि बाबलोने तिला सांगितलं, “हातचो एक धरलंव, आता तू फुडचा कर.” गणित जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. त्या दिवशी मी माझ्या वर्गात जाऊन तोंडावर पाणी मारलं. तुला सांगितलं असतं तर तू त्यावरून वर्षभर चिडवलं असतंस.

आणि आता हे ऐक. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझे यजमान, भावोजी, मला म्हणाले, “तिचा हृदय दोन वर्सा आधीच बिघडला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरान गोळी दिली होती. छातीत दुखला की जिभेखाली धरूची. शाळेत सांगूक नको, माका बजावल्यान होता.”

कोल्हापूर! दर सुट्टीत फोंडाघाट चढून तू बहिणीकडे जात होतीस ना? येताना मला चपला आणायचीस, घाटात गाडी कशी लागली त्याची रसभरीत वर्णनं करायचीस. आणि मी, इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून एस. टी.ची वाट बघणारी, खुशाल ऐकत होते. बहिणीच्या हातचा पांढरा रस्सा काय, तांबडा रस्सा काय! तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसायचीस तू, रस्सा कसला.

पमे, मला रडू येतं त्याच्या आधी तुझा राग येतो. सगळ्या शाळेचे आजार तू छपरापर्यंत ऐकू जातील असे सांगितलेस आणि स्वतःचा पर्सच्या तळाशी ठेवलास. म्हणजे हरलीस तू. आपल्या भांडणात तू सपशेल हरलीस. स्वतःवर पाळी आल्यावर तू माझ्याच बाजूला येऊन उभी राहिलीस, आणि ते मला सांगायची हिंमतसुद्धा तुला झाली नाही. मी जिंकले. आता ह्या जिंकण्याचं काय करू ते सांग.

त्या दिवशी मी शाळेत नव्हते. कट्ट्याला केंद्रशाळेत मीटिंग होती, तूच मला ढकललंस, “तू जा, माका थंयचो चहा आवडणा नाय.” पुढचं पोरांनी मला सांगितलं. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पुरं करायचं, असं करत सांगितलं. तू फळ्यावर नदीचा नकाशा काढत होतीस. खडू खाली पडला. मग तू टेबलाला धरलंस, आणि मग खाली पडलीस.

हेमांगी सगळ्यांत आधी उठली. चौथीतली, दहा वर्षांची पोर. तिने टेबल सरकवायला लावलं, दोघींना घेऊन तुला कुशीवर वळवलं. पार्वतीकाकी कांदा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा ही दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली, “कांदो नको! पाणी नको! भायर ऱवा!” काकी म्हणाली, “गो बाजूक हो, बाई मरतली!” तरी हलली नाही. घड्याळाकडे बघत राहिली. पाच मिनिटं झाली आणि तिने बाबलोला रस्त्यावर रिक्षा आणायला पळवलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, पमे. जे तू चार वर्षं दर सोमवारी त्यांच्याकडून म्हणवून घेतलंस, तेच त्यांनी केलं. त्यांना एकच पडणं माहीत होतं, आणि तू त्या तऱ्हेने पडली नव्हतीस. पर्स तुझ्या खुर्चीला लटकत होती. मालवणला पोचायच्या आधी रिक्षातच तू गेलीस.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू दिलं नाही हे त्या मुलीने बरोबर केलं. कुशीवर वळवलं यातही वाईट काही नाही. गोळीचा उपयोग झाला असता का, लवकर निघून तरी झाला असता का, हे कुणीच सांगू शकणार नाही. “पण हृदयाचं माहीत असतं, तर थांबायचं नाही एवढं तरी त्यांना कळलं असतं,” असंही ते म्हणाले.

वाडीत मात्र सगळ्यांनाच सगळं कळतंय. पार्वतीकाकी नळावर सांगत सुटली, “माका आत येवक दिला असता तर बाई वाचली असती.” तिला तुझा लळा होता, ती रडत सांगते, म्हणून लोकांना ते खरं वाटतं. तात्या म्हणाले, देवाचं गाऱ्हाणं माणसांना घातलं त्याचं हे फळ. चप्पलवाला बाप्याही कुठूनसा उगवला. आणि सगळ्यांची बोटं फिरून फिरून त्या दहा वर्षांच्या पोरीकडे. तू गेलीस त्या दिवसापासून हेमांगी शाळेत आलेली नाही.

काल केंद्रप्रमुखांनी माईक बंद केल्यावर मी चहाला थांबले नाही. तशीच शेवंताच्या घरी गेले.

शेवंता अंगणात होती. “नीट खाणा नाय, बोलणा नाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “गोळी तेवढी घेता. घरातले म्हणतत, आता हिका खंय धाडू नको. लोका तोंडार बोलतत, बाई. मी बाजारात बसतंय थंय येवन बोलतत.”

“आणि तू काय म्हणतंस?”

“मी काय म्हणतलंय?” तिने डोळ्यांना पदर लावला. “बाईंनी तिका माणसात हाडल्यानी. ता मी कसा इसरतलंय?”

हेमांगी मागच्या पडवीत सुकी सुंगटं, सुकवलेली कोळंबी, निवडत बसली होती. डोकी एकीकडे, सुंगटं दुसरीकडे. मी शेजारी बसले आणि मीही निवडायला लागले. डॉक्टर जे म्हणाले ते सगळं तिला सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, न थांबण्याचीसुद्धा. मग म्हटलं, “तुझी काय एक चूक नाय. तुका जा शिकवला, ता तू केलंस. माझ्यान सुदा तेवढा झाला नसता.”

तिने आणखी एक डोकं मोडून बाजूला टाकलं. मग सुंगटांकडे बघतच म्हणाली, “पाच मिनटा बघलंय मी. काटो फुडे जाय नाय होतो.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला.

“बाईंनी सांगूक व्हया होता,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. तुझ्यासारखाच चढला, पमे. “माझा सगळ्यांका सांगल्यानी. बाबल्याचा सांगल्यानी, दिनूचा सांगल्यानी. आपला सांगूक नाय! माका ठावक असता तर मी घड्याळ बघीत बसलंय असतंय?”

बाईंनी तुम्हाला घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं नसेल, असं काहीतरी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. “व्हय,” मी म्हटलं. “सांगूक व्हया होता. माका पण राग इलोहा तिचो.”

मग ती रडली. तोपर्यंत रडली नव्हती म्हणे. शेवंता दारात येऊन उभी राहिली, पण जवळ आली नाही. रडणं ओसरल्यावर पोरीने फ्रॉकने नाक पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“बाई, तुमका काय आसा?”

पमे, मला हे कुणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं. माझ्या नवऱ्याखेरीज हे कुणाला ठाऊक नाही, तुलासुद्धा नव्हतं. नाही म्हणायचा हक्क मला होता, त्या हक्कासाठी मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले होते. ती वाट बघत होती.

“माका शुगर आसा,” मी म्हटलं. “रोज सकाळी सुई टोचून घेतंय. कधीतरी साखर एकदम खाली जाता. मगे माका घाम येता, हात कापतत, बोलाक सुचणा नाय.”

“मगे काय करूचा?”

“शुद्धीर आसलंय तर साखर नायतर गूळ तोंडात घालूचो. शुद्धीर नसलंय तर तोंडात काय घालूचा नाय, रिक्षा हाडूची.”

“किती थांबून?”

“थांबूचाच नाय. लगेच.”

ती ओठ हलवत मनातल्या मनात पाठ करू लागली. सभेतलं मी शेवंताला अंगणातच सांगितलं होतं; दारातून ती म्हणाली, “पण बाई, सायबांनी ता सगळा बंद केल्यानी ना?”

“सायबांका बंद करूचा आसा तर सोमवारी सकाळी येवन माझ्या वर्गात उभे ऱवांदेत,” मी म्हटलं. “पोरांच्या तोंडार हात ठेवांदेत एकेकाच्या. आणि हेमांगीचा नाव कोण काढता ता मी बघतंय.”

हेमांगीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या कपाळाला आठी पडली होती. मग तिने मला विचारलं. पोरीने मला विचारलं, पमे, जे मी तुला तिच्याबद्दल विचारायला सांगत होते.

“बाई, तुमच्या शुगरचा सगळ्यांका सांगूचा, काय नको सांगूक? आणि सांगूचा तर तुमी सांगतलास, काय मी सांगू?”

“तू सांग,” मी म्हटलं. “मोठ्यान सांग.”